अध्यक्षपद गेलं अन् नळ गळ्यात पडला

हसाल तुम्ही माह्यावर. पक्कं हसाल. पण चहाचा कप पहिले खाली ठेवा, नाहीतं अंगावर सांडन अन् वहिनी मले बोलन. आपल्या हातानं आपली अशी फजिती करून घेतलेला माणूस तुम्ही पाह्यला नसन. आमच्या सेक्टरात नवीन कोणी राह्यले आलं का त्याले लोक पहिले माहा हा किस्सा सांगत अन् मंग दुकानाचा रस्ता दाखवत.

तवा भिलाई अर्धी जमिनीवर होती अन् अर्धी नकाशात. पोलाद कारखान्याची भट्टी पेटली होती, पण आजूबाजूनं बांधकाम चालूच. मी रेल मिलमंदी फिटर, मरम्मत विभागात, जनरल शिफ्ट. तुम्ही आता ज्या रुळावरून नागपूरले जाता ना, त्यातला एखादा तरी माह्या दुरुस्त केलेल्या मशीनखालून निघालेला असन. आता हे थोडं वाढवून सांगून राहिलो मी. पण फार नाही वाढवलं.

आमाले क्वार्टर भेटलं, नवं कोरं. भिंतीले चुन्याचा वास. घरात नळही होता, दिसायले मोठा सुंदर, पण त्यात पाणी नव्हतं. मोठी लाईन यायची होती म्हणे. तवरिक आख्ख्या स्ट्रीटले कोपऱ्यावरचा एक नळ. पहाटे पाणी येई अन् पहाटेच भांडण सुरू. पंजाबी बाईनं बादली ठेवली का तेलुगू बाई घागर सरकवे, बंगाली बाई दोघीले समजवायले जाय अन् तिचीच बादली मागं पडे. माही बायको शेवंता काही मागं राहणारी नाही. भंडाऱ्याची आहे. पण चार भाषेत भांडायचं म्हणजे माणूस थकतेच ना.

तिनं मले एक दिवस सांगितलं, "अजी, दुनियेचे रूळ सरळ करता तुम्ही. जरा या नळाचंही पाहा."

तेवढ्यात खबर आली का सेक्टरची कमिटी होणार. प्रत्येकानं वेगळं जाऊन साहेबाजवळ रडायचं नाही. एक अध्यक्ष, एक सचिव, अन् त्यायनं सगळ्यायच्या तक्रारी नेऊन मांडायच्या. तक्रारीची काही कमी नव्हती. नळ होताच. रस्त्यावर दिवे नव्हते. गावच्या गाई येऊन नवीन लावलेली झाडं खाऊन जात. ड्युटीची बस आमच्या वळणावर थांबतच नव्हती.

माह्या मनात आलं, अध्यक्ष आपण झालो पाहिजे. खरं सांगतो, नळासाठी थोडं आलं अन् मामाजीसाठी जास्त आलं.

मामाजी म्हणजे माहे सासरे. साकोलीकडच्या एका गावचे सरपंच, वर्सानुवर्सं. धानाची शेती, दारात बैलजोडी, गावात शब्दाले वजन. मी घरची शेती भावाच्या हवाली करून प्लांटमंदी लागलो तवा त्यायनं साऱ्या नातेवाईकाईसमोर म्हटलं होतं का जावई जमीन सोडून लोखंड चाटायले चालला. तेव्हापासून ते माह्या घरी आले नव्हते. पोरीले भेटायचं असलं का तिलेच बोलवून घेत. शेवंता काही बोलायची नाही, पण मले दिसत होतं ना. बाप आपल्या दारात येत नाही, हे बाईच्या मनाले किती लागते ते मी काय सांगू.

म्हणून मी पत्र टाकलं. कमिटीची निवडणूक आहे, मी उभा आहे, तुमचा आशीर्वाद पाहिजे. अन् काय आश्चर्य, मामाजी आले. दुर्गले उतरून बसनं आले, खांद्यावर चिन्नोर तांदळाचं पोतं. हमालाले हातही लावू दिला नाही.

जेवताना त्यायनं पहिला प्रश्न विचारला का सभेत नाव निघालं का तुम्ही काय म्हणणार?

म्हटलं, काय म्हणणार, हो म्हणणार.

मामाजीनं ताटातला हात थांबवला. "जावईबापू, लगेच हो म्हणणारा माणूस भुकेला दिसते. पहिले नाही म्हणायचं. हात जोडायचे. लोक आग्रह करतेत, तरी नाही म्हणायचं. मंग लोक ओढून बसवतेत. मी इतके वर्सं सरपंच आहो, पण एक खेप हो म्हटलं नाही."

अन् खरंच होतं ते. आमच्याकडं तशीच रीत. पंगतीत नाही का, वाढपी म्हणते घ्या, आपण म्हणतो नोको नोको, अन् ताटावर आडवा हात धरतो, पण बोटायच्या मधून जागा ठेवतो. वाढणाऱ्याले समजते, खाणाऱ्याले समजते. नोको म्हणणाऱ्याचा मान राहते अन् पोळीही भेटते.

आता इथंच मले शहाणपण यायले पाहिजे होतं. कारण आठच दिवसाआधी मी ढिल्लनच्या घरी गेलतो. ढिल्लन म्हणजे आमच्या शेजारचा सरदारजी, क्रेन चालवे. त्यानं विचारलं, लस्सी पिओगे? मी रीतीप्रमाणं म्हटलं, नहीं नहीं, रहने दो. त्यानं म्हटलं ठीक है, अन् माह्यासमोर दोन्ही गिलास स्वतःच पिऊन टाकले. मले तवा वाटलं, हा एकटाच माणूस असा आहे.

माहं नाव मांडणार होता मेश्राम. मेश्राम नागपूरचा, प्लांटच्या रेल्वे यार्डात. माहा जिगरी दोस्त, अन् सभा-संमेलनाचा पक्का जाणकार. वस्तीतल्या सभा चालवून चालवून त्याचा आवाज तयार झाला होता. मी त्याले मामाजीची युक्ती सांगितली तं तो म्हणे, भाऊ, इथं सतरा मुलखाची माणसं आहेत. सभेत नाही म्हटलं का नाहीच धरतेत. मी म्हटलं, तू फक्त आग्रह कर, बाकीचं मामाजीवर सोड.

रविवारी सभा. मैदानात सतरंज्या टाकल्या. सभेचे प्रमुख नायर साहेब, स्टोअरमंदी मोठे बाबू. माणूस देवासारखा, पण कायद्याचा. टाचणी द्यायची असली तरी सही घेत. मी इस्तरीचा शर्ट घातला होता. मामाजी मागं फेटा बांधून बसले, शेवंता बायकाईत. आमच्या घरी शिरा तयार होता, जिंकल्यावर वाटायले.

मेश्राम उठला अन् काय बोलला बाप्पा! कापगते भाऊ असे, कापगते भाऊ तसे. मलेच वाटून राहिलं का एवढा चांगला माणूस कोण आहे बा. टाळ्या पडल्या. मी सावकाश उठलो, हात जोडले, मान खाली घातली.

"नहीं नहीं भाई. मैं इस लायक नहीं. किसी और को बनाओ."

अन् बसलो. आता आग्रह येईन म्हणून वाट पाहून राहिलो.

नायर साहेबानं चष्मा सारखा केला अन् म्हणाले, "श्री कापगते नहीं चाहते. हम उनकी इच्छा का सम्मान करते हैं. दूसरा नाम?"

दूसरा नाम! कोणी ढिल्लनचं नाव घेतलं. ढिल्लन बसल्या जागेवरून म्हणे, ठीक है जी, कर लेंगे. झाला अध्यक्ष! लस्सी पेल्यासारखं पद पिऊन टाकलं त्यानं.

मी मागं पाह्यलं. मामाजीनं हातानं खूण केली, दम धरा. त्यायच्या हिशेबानं हे अजून पहिलंच "नाही" चालू होतं.

मंग सचिवाचं पद निघालं. मेश्राम बिचारा पुन्हा उठला, पुन्हा माहं नाव. आता सांगा, मी काय करायचं? लगेच हो म्हटलं असतं तं लोक म्हटले असते का मघाचं "नाही" खोटं होतं. अन् मागून मामाजीची नजर पाठीले टोचून राहिली होती. मी पुन्हा उठलो, पण या खेपी आवाजात जरा जागा ठेवली. म्हटलं, "अरे, रहने दो ना मेश्राम..." ते "ना" मी असं लांबवलं का आमच्या गावात दगडालेही समजलं असतं.

मेश्राम आग्रह करायले लागला. मले उचलायले धावला. तं नायर साहेबानंच त्याले थांबवलं. जबरदस्ती करायची नाही म्हणे. अन् सभेकडं पाहून त्यायनं माह्यावर छोटं भाषणच केलं. दोन दोन पदं नाकारणारा माणूस आजच्या काळात कुठं भेटते, याच्यापासून आपण सगळ्यायनं शिकावं. आख्ख्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून उभा. सचिव झाले आमच्या स्ट्रीटवरचे तेलुगू अप्पाराव.

बाकीची पदंही अशीच गेली. माहं नावच कोणी घेईना. त्यागी माणसाले कोण त्रास देईन?

आता मामाजीकडं पाहायची हिंमत नव्हती. शेवंताकडं पाह्यलं तं ती पदर तोंडाले लावून जमिनीकडं पाहून राहिली होती. माह्या डोळ्यासमोर चित्र आलं. मामाजी गावी जाऊन सांगणार का जावयाले तिथं कोणी हिंग लावून विचारत नाही. मनात म्हटलं, गेली रीत खड्ड्यात. आता जे येईन त्याले हो म्हणायचं.

नायर साहेब कागद गोळा करता करता म्हणाले, "अब सिर्फ एक काम बाकी है..."

मी उडालोच. "हाँ! मैं तैयार हूँ!"

नायर साहेब म्हणाले, पण काम तं ऐका. म्हटलं, ऐकायचं काय त्यात, मंजूर. तीन खेप मंजूर म्हटलं. मेश्रामनं कपाळाले हात लावला तवा मले थोडी शंका आली.

काम होतं नळाचं. रोज पहाटे उठून कोपऱ्यावर उभं राह्यचं, बायकाईची रांग लावायची अन् भांडणं सोडवायची. त्याच्यासाठी आधी कितीक लोकायले विचारून झालं होतं, कोणी तयार नव्हतं. माहं नाव लागलं तशा अशा टाळ्या पडल्या का अध्यक्षाले पडल्या नव्हत्या.

घरी मामाजी शिरा खाऊन राहिले. मंग शेवंताले म्हणे, पोरी, सकाळच्या गाडीनं जातो मी. मले काही बोलले नाहीत. बोलले असते तं बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नळावर. ढिल्लननं कुठून तरी एक शिट्टी आणून दिली होती. पहिल्याच दिवशी घागरीवर घागर आदळली. अप्पारावची बायको एका बाजूनं, ढिल्लनची बायको दुसऱ्या बाजूनं, अन् मी मधात शिट्टी फुंकून राहिलो. कोणी ऐकेना.

शेवटी मी शिट्टी खिशात टाकली अन् डोकं चालवलं. म्हटलं, आपण प्लांटची माणसं आहो ना? मंग पाणीही प्लांटसारखं भरू. ज्याच्या घरचा माणूस पहिल्या पाळीले जाते त्याचं घर पहिले, कारण भोंग्याआधी त्याचा डबा झाला पाहिजे. त्याच्यामागं जनरल शिफ्ट. दुपारपाळी, रातपाळीवाले शेवटी. हप्ता पलटला का पाळी पलटन, रांगही पलटन. अन् माह्या घरची बादली रोज सगळ्यायच्या मागं.

बायकाईनं घागरी खाली ठेवल्या. एकमेकीले आपापल्या भाषेत समजावून सांगायले लागल्या. अन् बाप्पा, रांग लागली. सरळ. माह्या मिलमंदून रूळ निघते तशी. शेवंता शेवटी उभी, तोंड फुगवून, पण उभी.

मी वळलो तं मागं मामाजी. हातात पिशवी, स्टेशनले निघालेले. मले वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं. सरपंचाचा जावई बायकाईच्या बादल्या मोजून राहिला!

मामाजीनं रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाह्यलं. मंग म्हणाले, "जावईबापू, आमच्या विहिरीवर दोन जातीच्या बायका एका रांगेत उभ्या करणं मले जमलं नाही. तुम्ही आख्खा देश उभा केला."

अन् पिशवी घेऊन घरात परत गेले. चार दिवस राह्यले. शेवंता त्या चार दिवसात गाणं म्हणत होती. मले काय वाटलं म्हणून विचारू नका. शर्टाच्या गुंड्या तुटायच्या राहिल्या होत्या फक्त.

इथंच थांबलो असतो तं बरं झालं असतं.

पण पुढच्या वर्सी पुन्हा निवडणूक आली. घरातले नळ अजून कोरडेच. ढिल्लन म्हणे, मले बस झालं, आता कापगते. मामाजी स्वतःहून आले, कोणी बोलवलं नव्हतं. नायर साहेबानं माहं नाव घेतलं अन् मी या खेपी घाण्याच्या बैलासारखा जुन्या वाटेनं गेलो नाही. नाव पुरं व्हायच्या आधीच उठलो. म्हटलं, "हाँ. मंजूर. लायक भी हूँ."

टाळ्या नाही पडल्या. बायकाईत कुजबूज सुरू झाली. मंग अप्पारावची बायको उठली अन् तिच्या हिंदीत विचारलं का हा अध्यक्ष झाला तं नळावर कोण?

नायर साहेब कायद्याचे. म्हणाले, ज्यायचा विरोध आहे त्यायनं हात वर करा.

पहिला हात शेवंताचा. माही बायको! मंग तिच्यामागं एकदम बांगड्या वाजल्या. मंग माणसायचे हात. ढिल्लनचा, अप्पारावचा. मेश्रामनं माह्याकडं पाह्यलं, मान हलवली अन् त्यानंही वर केला. मी मागं पाह्यलं तं मामाजीचा हात फेट्याच्याही वर. त्यायले तं तिथं मतच नव्हतं. बाजूच्या माणसाले सांगून राहिले होते का अध्यक्ष कोणीही होते जी, असा नळवाला भेटत नाही.

आता राग यायले पाहिजे होता ना मले? पण छाती अशी भरून आली का सांगता येत नाही. एकमतानं निवडून आलेले लय पाह्यले असतील तुम्ही. एवढ्या प्रेमानं एकमतानं पडलेला माणूस भिलाईत मी एकटाच.

तरी कायदा म्हणजे कायदा. नायर साहेबानं विचारलं, "और पक्ष में?"

साऱ्या मैदानात एकच हात वर होता. माहा. शेवंतानं वळून पाह्यलं, तसा मी तो हळूच खाली आणला अन् डोकं खाजवलं.