प्रॉम्प्टरचे कान

लाल हेडफोन उजव्या कानावर, निळा डाव्यावर. बावीस वर्षं गोंदियात लोकांचे कान तपासतोय, आणि त्या सकाळी नेमकं तेच मी उलटं लावलं. पेशंटनंच विचारलं, "साहेब, तुमी उजवा म्हणता अन् वाजते डाव्यात. काऊन?"

पेशंट म्हणजे कामठ्याचे यादोराव. शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी ठरली होती. परवा संध्याकाळपर्यंत कान चांगले असल्याचा रिपोर्ट द्यायचा, नाही तर दुसरा माणूस तयार होता.

हेडफोन सरळ केले. ऑडिओमेट्री तशी सोपी. कानात बारीक शिट्टी सोडायची, ऐकू आली की पेशंटनं बटण दाबायचं. यादोराव कधी उशिरा दाबत, कधी शिट्टी नसताना, कधी दाबतच नसत. आकडे बहिऱ्याचे. पुन्हा घेतली, तर आकडे तिसरेच. मशीन बिघडलं असेल म्हणून स्वतःला लावून पाहिलं. माझेही आकडे वाईट. आता बिघडलंय कोण, तेच कळेना.

ईएनटीच्या मॅडम डोकावल्या. "रिपोर्ट झाला का?"

"मॅडम, पेशंट बहिरा आहे. किंवा मशीन. किंवा मी."

"मग ओएई करा ना."

ओएईत बटण नसतं. मशीन कानात आवाज टाकतं, कान आतून आपोआप पडसाद देतो. यादोरावांचे दोन्ही कान ठणठणीत निघाले. म्हणजे शिट्टी कानापर्यंत पोचत होती. पुढे मेंदू पेंगत होता.

"झोप कधी झाली?"

"तीन रात्री झाल्या, नाटकातच जागून राहिलो साहेब. पडद्यामागं बसून नटायले वाक्यं सांगतो. काल आमगावले होतो."

आमगावच्या त्याच मंडपात पहाटेपर्यंत तिसऱ्या रांगेत मीही बसलो होतो.

"दोन रात्री झोपा. परवा सकाळी या."

"आज आमच्याच गावात नाटक हाये जी. राजाले पाठच नाही. मी नसलो तं मधीच मुका होते."

"होऊ द्या. राज्य त्याचं जाईल, नोकरी तुमची."

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी आले. तेच मशीन, तेच कान. आकडे नॉर्मल, दोनदा. राजा म्हणे दुसऱ्या अंकात नुसता प्रधानाकडे बघत राहिला. तेव्हापासून मी पेशंटला आधी झोप विचारतो, नाव मागाहून.

घरी हे सगळं बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"पोरगी तान्ही होती तवा तुमी माझेही कान तपासले होते," ती म्हणाली. "दोनी कमजोर सांगितले. तवा मी किती रात्री जागली होती, इचारलं होतं का? अठरा वर्षं झाली, माझ्याशी मोठ्यानं बोलून राहिले तुमी."