गस्तीचा सेल्फी

पंचवटीतले पोलीस मित्र, म्हणजे आमच्या मदतीचे स्वयंसेवक, गस्त घालतात की नाही हे बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. रोज संध्याकाळी ग्रुपवर त्यांचे सेल्फी यायचे. जाकीट, शिट्टी, हसरा चेहरा आणि मागे भाजीबाजारातली रिक्षांची तीच कोंडी, जी त्यांनी सोडवायची. सेल्फी काढायचा तर रस्त्याकडे पाठ करावीच लागते, हे वर कोणाला सांगणार? मी मुकाट अंगठा टाकायचो.

मग वरून फर्मान आलं, तपासणाऱ्यांनीही सेल्फी पाठवावा. वैतागून चौकीतच उभं राहून काढला. मागून एक भाजीवाली मावशी म्हणाली, "मी आले का फोटूत? मंग आता वळा इकडं, साहेब. तक्रार घेऊन कवाची उभी हाय."