काळी पडलेली चिठ्ठी

मी पत्रकं लिहिते आणि इचोड्याच्या आठवडी बाजारात उभी राहून वाटते. त्यातल्या एकाचा मथळा होता : 'कागद जपा, हक्क जपा'. माझ्या मामानं ते त्याच्या टायरच्या दुकानाच्या दारावरच चिकटवलं होतं.

दुकान हमरस्त्यावर. एका दुपारी नागपूरकडं जाणारी गाडी थांबली, चारही टायर नवे घातले आणि गिऱ्हाइकानं कार्ड दिलं. कार्ड विदेशी. मशीननं पिन मागितला नाही, मंजूर म्हणाली, चिठ्ठी काढली. त्यानं सही केली. मामानं वर चहा पाजला. दीड महिन्यानं बँकेनं ते सगळे पैसे मामाच्या खात्यातून परत ओढले. कार्ड चोरीचं होतं म्हणे. सहीची चिठ्ठी आणा, मग बघू.

मामाचं भांडवल तेवढंच. मी फोनवर बजावलं, मामा, चिठ्ठी जपून आणा, सगळं तिच्यावरच आहे.

जपण्यात मामा कधी कमी पडला नाही. आधार, शाळेचा दाखला, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, सगळं लॅमिनेशन केलेलं. बसमध्ये चुरगळू नये म्हणून चिठ्ठीही त्यानं झेरॉक्सवाल्याकडं लॅमिनेशनला दिली. त्या कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं अक्षरं उमटतात. तापलेल्या मशीनमधून ती बाहेर आली ती तव्याच्या बुडासारखी काळी, सहीसकट.

आदिलाबादच्या बँकेत साहेबानं ती उजेडाकडं धरली. "इसमें क्या दिख रहा है आपको?"

मी भांडले. मशीन तुमची, मंजुरी तुमची, दर विक्रीमागं कापून घेता तुम्ही. मग भुर्दंड यांच्यावर का? त्यानं कराराचं इंग्रजी पान पुढं सरकवलं. त्याच्याखालची मामाची सही मात्र स्वच्छ दिसत होती.

परतीच्या बसमध्ये मामा म्हणाला, "मशीन हो म्हनली. मंग मी काऊन नाही म्हनू?"

जपून आणा असं मीच म्हणाले होते, एवढंच बोलले.

"तुयी काय चूक, बाई? पुढच्या पर्च्यात हे बी लिव. चिठ्ठी तापवू नका, फोटू काढून ठिवा."

लिहिलं. नवी पत्रकं घेऊन गेले तेव्हा मामाच्या दुकानाला कुलूप होतं. आता तो त्याच रांगेतल्या दुसऱ्या दुकानात रोजानं टायर बदलतो. तिथल्या मालकानं मी दिलेलं पत्रक वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. "लय कामाचं हाय हे, भाऊ," तो मामाला म्हणाला.

"हाव," गाडीखालून मामा म्हणाला. "मायी भाचीच लिवते."