झाकणामागची टकटक

लंकाबाई पगारे रविवारी सकाळी विहारात वंदना करायच्या आणि तिथूनच निफाडची बस धरायच्या. चौतीस वर्षं त्यांनी डिझेल शेडमध्ये पदर खोचून इंजिनं पुसली, खोलली, बसवली. निवृत्त झाल्यावर रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना उमगेना. निफाडच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या कडेला, काही हौशी मंडळींनी रेल्वेचं छोटं संग्रहालय काढलं होतं. तिथल्या शुभांगीने, ती कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची, "मावशी, येता का मदतीला?" असं विचारलं आणि बाई त्याच रविवारी हजर झाल्या.

तिथे एका बंद पडलेल्या कारखान्याचं शंटिंगचं, म्हणजे डबे इकडून तिकडे ढकलायचं, डिझेल इंजिन होतं. बावीस वर्षं बाभळीत उभं. ते सुरू करण्याआधी आतलं यंत्र हाताने फिरवून बघायला हवं होतं. यंत्राच्या मोठ्या चाकाच्या भोकात पहार घालून ओढायचं. पहिल्यांदा ते हललं तेव्हा आतून लांबलचक, ओलसर उसासा आला. सिलिंडरमधली हवा होती ती, बाईंना ठाऊक होतं. तरी भर दुपारच्या उन्हात त्यांच्या अंगावर काटा आला. बाभळीतली पाखरं एकदम गप्प झाली होती.

"पहारेला शिवायच्या आधी हातोडीनं तीनदा ठोकायचं," बाईंनी सगळ्यांना बजावलं. "आत कोणाचा हात असंल तर तो उलट तीनदा ठोकतो. मग पहार बाजूला ठेवायची."

"मावशी, आपण तिघं-चौघंच तर आहोत," बँकेत कारकून असलेला कुंदन हसला. "कोण कुठंय ते दिसतंय की."

"दिसत नाय म्हणूनच ठोकायचं."

एवढ्या कडक का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांचा नवरा वाळू त्याच डिझेल शेडमध्ये फिटर होता. तो इंजिनाच्या पोटात वाकलेला असताना बाहेरून कोणीतरी ते फिरवलं. तेव्हा बाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि कडेवर वर्षाची राखी होती. चौकशीच्या कागदात एकच ओळ आली: मयताने आतून इशारा दिला नाही. म्हणजे चूक त्याचीच. बाईंनी त्यावर अंगठा नाही, सही केली. सातवी शिकलेल्या होत्या. पुढे त्याच्याच जागी नोकरी लागली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी इंजिन पुन्हा फिरवायचं ठरलं. कुंदन गॅसकेट आणायला निफाडला गेला होता. इंजिनाच्या पोटावरची अलीकडची सगळी झाकणं बंद होती. शुभांगीने पहार घातली. बाईंनी हातोडी उचलली आणि ठोकलं. एक, दोन, तीन.

आतून उत्तर आलं. एक. दोन. तीन. दमाने, लोखंडावर लोखंड.

"थांब!" बाई ओरडल्या.

"काय झालं? मला काहीच ऐकू आलं नाही," शुभांगी म्हणाली.

बाई धावतच इंजिनाला वळसा घालून पलीकडे गेल्या. तिकडचं एक झाकण उघडं होतं. कुंदन खांद्यापर्यंत दोन्ही हात आत घालून तळातला गाळ पुसत होता. कानात इअरफोन. दुकान बंद निघालं म्हणून तो केव्हाच परतला होता आणि बागेच्या बाजूने आला होता.

त्याला बाहेर ओढून बाईंनी विचारलं, "उलट तूच ठोकलंस ना?" कुंदनचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी नाही ठोकलं, मावशी. हातात फक्त फडकं होतं. तुमचं ठोकणंसुद्धा मला ऐकू आलं नाही."

शुभांगीने पुन्हा तशीच हातोडी मारून पाहिली. दहा वेळा, वेगवेगळ्या जागी. प्रतिध्वनी नाही, काही नाही. मग बॅटरी घेऊन एकेक झाकण उघडलं. आत काळं तेल होतं, स्थिर.

"मग कोण होतं?" कुंदनने विचारलं.

बाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. पोरीला त्यांनी साधा ताईतही कधी बांधू दिला नव्हता.

त्यानंतरचे तीन रविवार त्या गेल्या नाहीत. तिसऱ्या रविवारी राखी भेटायला आली. चहा ओतता ओतता बाई म्हणाल्या, "तुझ्या बापानं ठोकलं होतं, राखी. ऐकायलाच कोणी नव्हतं."

राखीने आईकडे पाहिलं. अडतीस वर्षांत घरात हा विषय निघाला नव्हता. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण उरलंय? मला माहीत हाय."

आणि त्या रडल्या. राखीने कप बाजूला सरकवून त्यांचा हात धरून ठेवला.

एप्रिलमध्ये इंजिन सुरू झालं. काळा धूर द्राक्षांच्या मांडवांवरून सरकत गेला, गावातली माणसं टाळ्या वाजवायला लागली. कुंदनने बाईंना वर केबिनमध्ये बसायचा आग्रह केला, पण त्या खालीच उभ्या राहिल्या. घरघर सुरू असताना त्यांनी पलीकडच्या त्या झाकणावर तळवा टेकवला. लोखंड हळूहळू कोमट होत गेलं आणि चटका बसायला लागला, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.