गुण्याकाकांनी उचललेला सूर्य

गुण्या म्हणजे काटकोन तपासायची लोखंडी पट्टी. फरशी बसवणाऱ्या काकांना ते नाव चिकटलं, कारण चाळीस वर्षांत त्यांच्या हातची एक रेघ वाकडी गेली नव्हती. लग्नाला गेले तरी हा माणूस आधी हॉलची फरशी बघणार, मग नवरा-नवरी. "मी बसवलेली फरशी मी कधी उचलली नाही," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचेच. काकूंना ते इतकं पाठ होतं की काकांनी तोंड उघडायच्या आत त्या म्हणून मोकळ्या व्हायच्या.

अशा सरळ रेषेतल्या माणसाला नातीच्या शाळेने काय काम द्यावं? सभागृहाच्या जमिनीवर आकाशगंगा! काटकोन नावालाही नाही. तिसरीच्या बाईंनी खडूने भलंमोठं भोवऱ्यासारखं चित्र काढून दिलं, मुलांनी घरोघरचे फुटके कप आणि टाइल्सचे तुकडे आणून ढीग लावला, आणि काका गुडघ्यांवर बसून पांढरे तुकडे गोल गोल जोडत सुटले. पहिल्या दिवशी त्यांना गरगरलं. दुसऱ्या दिवशी ते शीळ घालू लागले. चौथ्या दिवशी तर घरी पोळपाटाभोवती बोटाने वळसे काढताना काकूंनी त्यांना पकडलं.

शेवटच्या दिवशी सकाळी फक्त मधली जागा उरली. काकांची पद्धत ठरलेली. दोन दोरे आडवे-उभे ताणायचे, खोलीचा मध्य काढायचा आणि सगळ्यात देखणी फरशी तिथे बसवायची. त्यांनी ताटाएवढी पिवळीधमक गोल टाइल आणली होती. सूर्य! चारी बाजूंनी ठोकून त्यांनी ती मधोमध बसवली. एका वळशात खडूची बारीक फुली होती, ती कुण्या पोराचा चाळा समजून फडक्याने पुसून टाकली.

मधल्या सुट्टीत नात धावत आली, बघितलं आणि पोट धरून हसायला लागली.

"आजोबा, सूर्य मध्ये नसतो!"

"का नसतो? आपला सूर्य ना? मग आपल्या माणसाला मधे बसवायला नको?"

"अहो, तिथे दहा हजार कोटींहून जास्त तारे आहेत. सूर्य त्यातला एक. तो मध्यापासून सव्वीस हजार प्रकाशवर्षं लांब आहे, एका छोट्या वळशात. धड मध्येही नाही, धड काठावरही नाही."

"वर्षं म्हणजे वेळ झाली. मी अंतर विचारतोय."

"अंतरच! उजेड वर्षभर धावत सुटला तर जेवढा लांब जाईल तेवढं. अख्खी आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षं रुंद आहे. आणि सूर्य आपल्याला सगळ्यांना घेऊन तिला चक्कर मारतोय. एका चक्करला तेवीस कोटी वर्षं!"

"आणि मध्ये कोण बसलंय मग?"

"कृष्णविवर. त्यातून उजेडसुद्धा बाहेर येत नाही."

काकांनी थापी खाली ठेवली. एवढ्यात बाई आल्या. त्यांनी सूर्याकडे बघितलं, सूर्याच्या जागेसाठी स्वतः केलेल्या फुलीच्या पुसट डागाकडे बघितलं आणि फार हळू म्हणाल्या, "राहू द्या काका. छान झालंय. उद्या मुलं बघायला येतील तेव्हा आम्ही त्यांना समजावून सांगू."

काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कुणी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. पण त्यांची फरशी आणि ती समजावून सांगायची? शंभर पोरं तिच्यावर उभी राहून चुकीचं शिकणार आणि बाई रोज सारवासारव करणार? टाइलखालचा सिमेंटचा माल अजून ओला होता. तासाभरात घट्ट झाला असता, मग छन्नी तोडली तरी सूर्य हलला नसता. काकांनी एकदा दाराकडे बघितलं, जणू तिथून काकू ऐकत होत्या. मग दात आवळून थापीचं टोक टाइलखाली घातलं आणि जोर लावला.

सूर्याचे तीन तुकडे झाले.

मग काकांनी मधोमध एक काळी टाइल बसवली आणि तिच्याभोवती पिवळसर चुरा दाटीवाटीने भरला. नखाएवढी पिवळी कपची उचलून त्यांनी विचारलं, "एवढा सूर्य चालेल?"

"खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "या मापात सूर्य धुळीच्या कणाएवढासुद्धा नाही."

"आणि पृथ्वी?"

"ती दिसणारच नाही."

"आणि ही शाळा? हे सभागृह? मी?"

काकांना आधी खुदकन हसू आलं, मग ते आवरेना. ते तिथेच आकाशगंगेवर फतकल मारून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. चाळीस वर्षं जपलेलं ते वाक्य गेलं होतं आणि त्यांना चक्क हलकं वाटत होतं. मग फुलीच्या जागी, दोन पांढऱ्या तुकड्यांच्या फटीत त्यांनी ती कपची बसवून टाकली.

दुसऱ्या दिवशी सगळी शाळा रांगत सूर्य शोधत होती. "सापडला!" असं कुणीतरी ओरडलं की सगळी झुंबड तिकडे. काका भिंतीला टेकून उभे होते आणि येईल त्याला मोठ्या आनंदाने सांगत होते, "आधी मी मधोमध बसवला होता बरं का. चुकला. उचलावा लागला."