प्रार्थनेनंतरची हजेरी

इतकी वर्षं झाली, तरी ती घटना माझ्या मनातून गेलेली नाही. तुम्ही नातवंडं विचारता, "आजी, पोलिसात असताना तुला कधी भीती वाटली का?" वाटली. दरोडेखोरांची नव्हे. एका शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी साडेतीन वाजता, लख्ख उजेडात वाटली.

साठच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याला फौजदार होते. बाई फौजदार मी एकटीच, त्यामुळे बायका-मुलींचं प्रकरण आलं की जीप माझ्या दाराशी येई. त्या दिवशी सकाळी पाचगणी औटपोस्टचा फोन आला. मुलींच्या बोर्डिंग स्कूलमधून बारा वर्षांची मुलगी बेपत्ता होती.

ही शाळा एका इंग्रज बाईने आपल्या बंगल्यात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलींसाठी काढलेली. साहेबलोक गेले, त्यांच्या जागी सांगली-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या मुली आल्या. नियम मात्र जुनेच राहिले. प्रत्येक मुलीला एक नंबर, तो तिच्या कपड्यांवर शिवलेला. पत्रं वसतिगृहावर देखरेख करणारी मॅट्रन वाचणार, मगच पोस्टात जाणार. भेटीच्या खोलीपलीकडे पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. आमचे हवालदार टोपी काखेत धरून पोर्चमध्येच उभे होते. शाळेला सरकारी अनुदान नव्हतं, ती चालायची नावावर. प्रिन्सिपलबाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो हाच, "हे पेपरात तर येणार नाही ना?"

मी हजेरीपट मागवला. बेपत्ता मुलीचा नंबर एकतीस. आदल्या संध्याकाळी प्रार्थनेला एकतीस नंबर हजर. सकाळी सातच्या प्रार्थनेलाही हजर. नऊच्या तासाला गैरहजर. म्हणजे मुलगी सातनंतर गेली. पायी किती लांब जाईल? मी हिशेब केला, माणसं टेबललँडवर आणि बाजाराच्या बाजूला पाठवली. स्टेशन डायरीला तसंच लिहिलं.

तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई हवालदारांशी वाद घालत होती.

"आवं, म्या सोता बगितली तिला. काल दिस मावळायच्या आत. निळा सोटर घातल्याली पोर घाटाची जुनी वाट उतरत हुती."

"मावशी, पोर आज सकाळी गेलीया. काल न्हवं."

"तुमी मला काल आन् आज शिकवू नका. काल माझी म्हस व्याली, तवा म्या उशिरा निगाले."

मी बाहेर गेले. तिचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "बाई, ती दुसरी कुणी असेल. ही मुलगी आज सकाळी हजेरीला होती."

तिने भारा खाली टाकला आणि त्यावरच बसली. "लिवल्यालं खरं आन् बगितल्यालं खोटं व्हय? मी न्हाई जायाची."

मी आत आले. मुलींचे जबाब सुरू केले. सगळ्यांचं एकच उत्तर, "ठाऊक नाही, मॅडम." दोन तास गेले. टेबललँडवरून निरोप आला, काही सापडलं नाही. खिडकीतून पाहिलं तर ती गवतवाली तिथेच बसलेली. तिला घरी नुकतीच व्यालेली म्हैस होती, तरी ती हलत नव्हती. तिचं ते बसणं मला टोचायला लागलं.

मी मॅट्रनना विचारलं, "हजेरी तुम्ही घेता कशी?"

"प्रार्थना संपली की मुली डोळे मिटूनच राहतात. क्रमाने आपापला नंबर बोलतात. मी टिक करते."

"तुम्ही मुलींकडे बघता?"

"मी रजिस्टरकडे बघते," त्या म्हणाल्या. "चूक व्हायला नको ना."

मीही अशाच एका शाळेत शिकलेली. अशाच हजेरीत एकदा मैत्रिणीचा नंबर मी बोलले होते. हे मला हजेरीपट बघतानाच आठवायला हवं होतं.

सगळ्या मुलींना हॉलमध्ये बोलावलं. रोजच्यासारखं गुडघ्यांवर, डोळे मिटून. मॅट्रनच्या जागी मी उभी राहिले, नजर रजिस्टरवर. वन, टू, थ्री. बारीक, थंड आवाज ओळीने येत होते. ट्वेंटी नाइन. थर्टी. मग शांतता.

आणि मग आवाज आला, "थर्टी वन."

माझ्या अंगावर काटा आला. मॅट्रनच्या हातून पेन्सिल पडली. वर पाहिलं तर सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. शेवटच्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी थरथरत होती.

तिला मी प्रिन्सिपलच्या खोलीत नेलं नाही, पायरीवर शेजारी बसवलं. "आत्ता का बोललीस, बाळ? ती नाही हे सगळ्यांनाच माहीत आहे."

"थर्टी झालं आणि सगळं गप्प झालं," ती म्हणाली. "मला भीती वाटली. कुणीच बोललं नाही तर ती कायमचीच नाही असं होईल."

मग सगळं बाहेर आलं. मुलगी आदल्या संध्याकाळी प्रार्थनेआधीच गेली होती. पलंगावर उशी आणि वर ब्लँकेट. मैत्रिणीने दोन्ही हजेऱ्या द्यायच्या. तोवर ती वाईला उतरून एसटीने सांगलीला आईकडे पोचणार.

"पण जायचं कशाला होतं?"

"रविवारी मॅट्रननी तिची वेणी घातली. मॅट्रन कधीच कुणाची वेणी घालत नाहीत. ती म्हणाली, एवढी माया करतायत, म्हणजे माझ्या आजारी आईला काहीतरी झालंय."

मी मॅट्रनकडे पाहिलं. त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि सांगून टाकलं. प्रिन्सिपलच्या खणात तार होती, शनिवारी आलेली. आई अत्यवस्थ, परीक्षा संपेपर्यंत मुलीला सांगू नये. खाली वडिलांचं नाव.

मी धावतच फाटकाशी गेले. गवतवालीला म्हटलं, "मावशी, माझं चुकलं. वाट दाखवा."

ती उठली, पदर खोचला. "चला बिगीबिगी. दिस ऱ्हायला न्हाई."

घाटाची जुनी पाऊलवाट सरळ खाली उतरते. दगड सुटे, बाजूला करवंदीची जाळी, खाली दरी. मी हाका मारत होते, उत्तर नाही. प्रत्येक वळणावर मी खाली डोकावत होते, आणि काय दिसेल ते मला बघायचं नव्हतं. तिसऱ्या वळणाखाली निळं काहीतरी दिसलं. गवतवाली माझ्याआधी उतरली.

"हाय! जित्ती हाय!"

घोटा मोडला होता. रात्रभर आणि दिवसभर ओरडून तिचा आवाज बसला होता. सकाळी हॉलमध्ये एकतीस नंबर हजर लागला, तेव्हा ती इथे हाका मारत होती.

मला पाहून ओठ हलले. कान जवळ नेला. "आई आहे का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिच्याशी सगळेच गोड वागले होते, म्हणूनच ती इथे पडली होती. मी म्हणाले, "शनिवारी होती. आजचं मला माहीत नाही. चल, बघू."

तिला उचलून खाली आणलं, वाईला पाय बांधून घेतला आणि जीप सांगलीकडे काढली. प्रिन्सिपलबाई फोनवर वडिलांच्या परवानगीचं बोलत होत्या. ते मी नंतर कागदावर निस्तरलं. आई होती. पुढे नऊ दिवस होती. मुलगी तिच्या उशाशी होती.

डायरीत मी माझी चूक लिहिली, गवतवालीचा जबाब दुपारी नोंदवला नाही म्हणून. वरिष्ठांनी विचारलं, एवढं लिहायची गरज होती का? मी म्हटलं, होती.

त्यानंतर कुठलीही मोजदाद मी आवाजावर केली नाही. तुम्ही सुट्टीत यायचात, तेव्हा झोपताना मी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचे. तुम्ही हसायचात, "आजी, आम्ही काय कैदी आहोत?" आता तुम्ही लांब आहात. रविवारी फोनवर एकेक जण "मी बरा आहे", "मी बरी आहे" म्हणतो, आणि मीही हो म्हणते. पण नुसत्या आवाजाने माझी हजेरी पुरी होत नाही. एकदा येऊन जा.