दोन थेंबांचा सूड

"मान मागे, वहिनी. डोळे मिटा. आता बघा नं गंमत!"

असं म्हणत कमरेच्या पाऊचमधून बाटली काढायची, टोपण दातात धरायचं आणि दुसऱ्याच्या नाकात दोन थेंब सोडायचे, ही आमच्या शेजारच्या काकांची रीत. अमेरिकेत, रेडमंडला, आमच्या अपार्टमेंटच्या आवारात आम्ही म्हातारी माणसं सकाळी छत्र्या घेऊन चालायला निघायचो. कुणी नुसतं नाक ओढलं की काका हजर. दुसऱ्याची सर्दी ही स्वतःची जबाबदारी समजणारा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मी मात्र या माणसाचा सूड घ्यायचा पण केला होता. का, ते ऐका.

काका नागपूरचे. मुलाकडे येताना बॅगेत औषधं भरून आणायचे, पण सगळी खोक्यातून काढून. "खोकी म्हणजे नुसतं वजन, वहिनी. त्या जागी चिवडा मावते." खोक्याबरोबर आतला सूचनांचा कागदही नागपूरलाच केराच्या टोपलीत. मग ते थेंब किती दिवस घालायचे, कुणी घालायचे नाहीत, हे कोण सांगणार? काकाच सांगणार. "बंद वाटलं की घालायचे!"

मला थंडीच्या सुरुवातीला सर्दी झाली. दोन थेंब पडले आणि नाक असं मोकळं झालं की मी त्यांना आशीर्वादच दिला. त्यांनी एक बाटली मला देऊनच टाकली. दुपारी नाक पुन्हा बंद. पुन्हा थेंब. मग थेंबांशिवाय श्वासच पुरेना.

आता माझं नाक म्हणजे काय, ते सांगते. गोडा मसाला मी डोळ्यांनी भाजत नाही, नाकाने भाजते. खोबरं कधी उतरवायचं, तीळ कधी थांबवायचे, सगळं नाक सांगतं. संक्रांतीच्या जेवणासाठी मसाला भाजायला घेतला आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. तो मेला माझ्या फोडणीलाही बोंबलतो! मी टॉवेलने वारा घातला आणि भाजत राहिले. खोबरं जळत होतं, मला पत्ता नाही.

हॉलमध्ये सगळी पंगत जेवत होती आणि काका मोठ्याने म्हणाले, "काय वहिनी, आमटीत कारलं घातलं का?"

सगळे हसले. माझ्या आमटीला! आणि हसवणारा कोण, तर माझं नाक बंद करणारा!

सून डॉक्टरकडे घेऊन गेली. बाटली बघून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. असे थेंब तीन दिवसांपेक्षा जास्त घालायचे नाहीत, म्हणाल्या. जास्त घातले की नाक त्या थेंबांनीच सुजतं आणि आधीपेक्षा घट्ट बंद होतं. एकाची बाटली दुसऱ्याच्या नाकाला लावायची नाही. "आणि आई, तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे," सून म्हणाली. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घ्यायचंच नव्हतं!"

थेंब बंद केले. मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारत, तोंडाने श्वास घेत मी एकेक दिवस काढला आणि दर श्वासाला काकांना शिव्या दिल्या. मग एका सकाळी डब्यातल्या हिंगाचा वास नाकात घुसला. मी म्हटलं, काका तर हेच थेंब दिवसभर स्वतःच्याही नाकात घालतात, आता बघते त्यांचं नाक.

गुढीपाडव्याला सगळे जमले होते. मी काकांसमोर उभी राहिले. "काका, डोळे मिटा. मान सरळच ठेवा." हिंगाची डबी नाकाखाली धरली. "ओळखा."

त्यांनी खूप ओढून बघितलं. "वेलदोडा?"

हॉल हसून हसून कोसळला. माझं उट्टं निघालं.

मग काका हळूच मला म्हणाले, "जिभेला कडू कळते, पण वास कशाचाच येत नाही, वहिनी. बरीच वर्षं झाली. बाटली जवळ नसली की जीव घाबरते. सून चहात आलं किसते, म्हणते बाबा, काय वास सुटलाय! मी म्हणतो, वा वा."

वाईट वाटलं का? वाटलं. पण राग गेला नव्हता, खोटं कशाला बोलू. त्यांच्या मुलाला तिथेच बोलावलं आणि डॉक्टरकडे घेऊन जायला लावलं. डॉक्टरांनी वेगळा स्प्रे दिला, आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करवले, मग दुसरीतले. चालताना काका कण्हायचे, "जीव घेता का, वहिनी?"

"घेते. स्प्रे मारलात का?"

काय सांगू, फार बरं वाटायचं.

ते नागपूरला परत निघाले त्या दिवशी मी त्यांना मसाल्याची पिशवी दिली. त्यांनी झिप उघडली, नाक आत घातलं आणि कितीतरी वेळ बाहेरच काढेनात. वर बघितलं तेव्हा डोळे भरले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "दगडफूल जास्त झालंय."

माझ्या मसाल्याला! मी म्हटलं, पुढच्या थंडीत या तर खरे, दाखवते.

पुढच्या थंडीत त्यांचा मुलगा एकटाच चालताना दिसला. त्याने सांगितलं, बाबा दिवाळीनंतर गेले. झोपेतच. इतके महिने घोकून ठेवलेलं उत्तर तोंडातच राहिलं. शेवटचा वार करून निघून गेला माणूस.

आता मसाला करताना दगडफुलाची एक चिमूट मी जास्तच टाकते. मुद्दाम. बोला म्हणावं आता.